लेकीसाठी एक हसरा शब्द: नाव शोधण्यापासून दाखल्यापर्यंत

बाळाचं नाव ठरवायचं म्हटलं की हल्ली पहिला हात फोनकडे जातो. तिथल्या याद्यांत प्रत्येक नावाचा अर्थ एक तर 'लक्ष्मी', नाहीतर 'सुंदर', नाहीतर 'सूर्याचा पहिला किरण'. आईबाबांच्या नावांतली अक्षरं जोडून काल-परवा तयार झालेल्या नावालाही तिथे बिनदिक्कत संस्कृत अर्थ चिकटवलेला असतो. ज्यांना ही वाट नको आहे, ज्यांना मुलीसाठी मराठीतला चालताबोलता शब्दच नाव म्हणून हवा आहे, ऐकणाऱ्याचा चेहरा खुलेल असा आणि वर्गात आणखी चौघींचा नसेल असा, त्यांच्यासाठी हा लेख.

कल्पना वेडगळ वाटत असेल तर आपल्या मावश्या-आत्यांची नावं आठवा. आशा, लता, वर्षा, ज्योती, भावना, आणि हो, कल्पनासुद्धा. हे सगळे शब्दच होते. कुणीतरी पहिल्यांदा ते पाळण्यात घातले तेव्हा शेजारणींनी भुवया उंचावल्या असतीलच. आज 'वर्षा आली' म्हटलं तर कुणी छत्री शोधत नाही. सई, ओवी, पालवी यांचंही आपल्या डोळ्यांदेखत तेच झालं. कल्याणच्या यमुनेचं लग्नात नाव बदललं आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, स्वातंत्र्यलढ्यातली हौसाबाई, हिचं नाव तर सरळ 'हौस' ह्या शब्दातून आलेलं. म्हणजे तुम्ही नवं काही करत नाही आहात, मध्यंतरी विसरलेली रीत पुन्हा धरताय.

आधी मुदती समजून घ्या

नावाची घाई कायद्याला नसते, नातेवाइकांना असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पण ती जन्माची. त्या नोंदीत नावाची जागा रिकामी ठेवता येते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. प्रसूतीनंतर दवाखान्यात फॉर्म समोर येतो तेव्हा डोळ्यांवर झोप असते, आणि 'काहीतरी लिहून टाका, नंतर बदलू' असं सांगणारं कुणीतरी हमखास शेजारी उभं असतं. लिहू नका. रिकाम्या जागी नाव भरणं सोपं आहे, भरलेलं बदलणं किचकट.

वर्षभर थांबा असं मात्र मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच मूळ कागद धरला जातो, आणि बिननावाच्या दाखल्यावर पुढची कामं अडतात. बारशानंतर महिना-दोन महिने पुरेत.

शब्द गोळा करा, नावं नव्हे

बाळ यायच्या आधीच सुरुवात केलेली बरी. एक वही किंवा फोनमधली एक नोंद ठेवा आणि कानावर पडणारे शब्द टिपत जा. 'हे नाव म्हणून कसं वाटेल' हा विचार ह्या टप्प्यावर करायचाच नाही. तो केला की पुन्हा त्याच त्या दहा शब्दांपाशी माणूस येतो.

सगळ्यात श्रीमंत खाण म्हणजे घरातली म्हातारी माणसं. आजी 'पौर्णिमा' म्हणत नाही, 'पुनव' म्हणते. शेतकरी घरात पिकं हाताशी येण्याच्या दिवसांना 'सुगी' म्हणतात आणि त्या शब्दात धान्याचा वास, दिवसभराची लगबग आणि चार पैसे हातात येण्याचा आनंद असं सगळं असतं. गाणं शिकणाऱ्यांच्या घरात 'लकेर' सापडेल. घरात कौलं असतील तर फटीतून आत येणारी उन्हाची 'तिरीप' सापडेल. पाय घरात ठरत नाहीत अशा पोरीला 'भिंगरी' म्हणतात. शाळेच्या फळ्यावर 'वेलांटी' आहे.

दुसरी खाण जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या जमवल्या, आणि त्यांतल्या कितीतरी 'पारी' ह्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. ओवीतला लेक 'राघू' असतो आणि लेक म्हणून आलेली मुलगी 'मैना'. मैना हे नाव आज वर्गात सापडणार नाही आणि तरी ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या लेखी ह्याहून चांगली शिफारस नाही.

शब्द सापडला की कोश उघडा. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कोश बघायचा तो अर्थ शोधायला नाही, तो तुम्हाला ठाऊकच आहे. बघायचं ते त्या शब्दाचे इतर अर्थ. 'सरी' म्हणजे पावसाच्या सरी, पण गळ्यातला दागिनाही आणि उसाच्या रानातला पाण्याचा चरही. हे तिन्ही अर्थ चालण्यासारखे. 'खळी' म्हणजे गालावरची, आणि चिकटवायची किंवा कपड्याला घालायचीसुद्धा. 'भरती' सागराची, आणि पोलिसांचीही. 'हरकत' ही गायकीतली इतकी गोड जागा, पण पोरीला आयुष्यभर 'आमची काही हरकत नाही' ऐकावं लागेल. 'उमेद' मला फार आवडतो, पण गावाकडे आता उमेद म्हटलं की राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि बचत गट आठवतात. वाईट काहीच नाही त्यात. ठाऊक असावं, एवढंच.

आनंदाचा शब्द कोणत्या जातीचा आहे ते बघा

हसरी, अवखळ, खेळकर ही विशेषणं आहेत. लकेर, तिरीप, सुगी, झुळूक ही नामं. दोन्ही आनंदी, पण दोन्हींचा भार सारखा नाही. विशेषण मुलीने कसं असावं ते सांगतं, नाम नुसती एक छान गोष्ट तिच्या हाती देतं. 'हसरी' नावाची मुलगी चौथीत रुसून बसली की घरीदारी एकच वाक्य ऐकू येणार: नाव हसरी आणि तोंड बघा. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. झुळूक नावाच्या मुलीला मात्र रागवायची मुभा आहे, वारा काय नेहमी मंदच असतो असं थोडंच आहे. म्हणून मी नामाच्या बाजूची. अपवाद 'आनंदी'चा. वापरून वापरून तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्याचा जाच उरलेला नाही.

कामाला जुंपणारे शब्दही टाळा. 'सुगरण' हा घरटं विणणारा पक्षी आहे हे खरं, पण पोळ्या कोणी लाटायच्या हे त्या नावानं बारशालाच ठरून जाईल.

आणि शब्दाचं वजन खरंच असतं का, असं विचारणाऱ्यांनी साताऱ्याकडे बघावं. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला 'नकुशी' म्हणायची रीत होती, आणि तेच नाव शाळेच्या पटावर चढायचं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ होऊन अशा दोनशेहून जास्त मुलींनी नवी नावं घेतली. तोही शब्दच होता. रोज हजेरीला उभं राहून 'मी नको आहे' असं म्हणायला लावणारा.

शब्द वाकवून बघा

हा टप्पा लोक सोडून देतात आणि नेमका हाच मराठीत महत्त्वाचा. आपल्याकडे शब्द प्रत्यय लागताना बदलतो. सर, पण सरीला. लहर, पण लहरीवर. नाव झाल्यावर हल्ली आपण ते बदलत नाही, 'लहरला सांग' असंच म्हणतो. तरी जीभ सवयीनं जुन्या वळणावर जाते आणि 'लहरी' तोंडात येतं, ज्याचा अर्थ क्षणाक्षणाला मन बदलणारा माणूस. 'पहाट' तर फारच अडचणीचं. 'पहाटे उठली' ह्यात कोण उठली हे कळत नाही, आणि 'पहाटे, इकडे ये गं' अशी हाक मारली तर शेजारी म्हणतील, एवढ्या लवकर कशाला?

शेवटी ई किंवा आ असलेले शब्द इथे सुखाचे. पालवी, पालवीला, पालवीचा. भिंगरी, सुगी, वेलांटी, मैना, चांदणी, सगळ्या सरळ चालतात. जोरात हाक मारून बघा म्हणजे आणखी एक गोष्ट कळेल. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली मैदानात 'सुगीऽऽ' लांबवता येतं. 'तिरीप' म्हणताना ओठ मिटतात आणि हाक तिथेच संपते. तिरीप ठेवू नका असं नाही, पण त्या घरात खाली उतरून बोलावण्याची तयारी ठेवावी लागेल.

मग लाडाची रूपं. मराठी घरात कुठलंही नाव आठवड्याभरापेक्षा जास्त अखंड राहत नाही. ओवीची ओवू होते, सईची सये. पालवी फार गोड नाव, पण चिडवायच्या मूडमध्ये असलेला मोठा भाऊ त्याचं 'पाल' करायला दोन दिवस घेणार नाही. 'तिरीप'ची 'तिरपी' होईल. लकेरचं बहुधा 'लकी', हे चालून जाईल. वेलांटीला वर्गात 'पहिली की दुसरी?' असं विचारतील, आणि मला विचाराल तर असा विनोद नावासोबत फुकट मिळत असेल तर घ्यावा. विशेषतः धाकटी बहीण होण्याची शक्यता असेल तर.

शेवटची वाकवणूक वयाची. शब्दामागे ताई, मावशी, मॅडम, आजी लावून मोठ्यानं म्हणा. 'मैनामावशी' ऐकताच आवडते. 'सुगीताई' सभापती होऊ शकते. 'भिंगरी मॅडम' मात्र जरा कसंसंच, म्हणून भिंगरी हे मी हाकेचं नाव ठेवीन आणि कागदावर दुसरं घालीन. पूर्वी माहेरचं नाव लग्नापर्यंतच पुरायचं, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की संपलं. आता बहुतेक मुली तेच नाव आयुष्यभर वागवतात. ते ऐंशीव्या वर्षीही अंगावर बसलं पाहिजे.

शेजारच्या भाषा आणि रोमन अक्षरं

मुलगी पुण्यात वाढली तरी नोकरीला हैदराबादला जाईल. आवडलेला शब्द दोन-चार परभाषी ओळखीच्यांना नुसता म्हणून दाखवा आणि तोंडाकडे बघा. सुगी इथेही नशीबवान: कानडीत 'सुग्गी' म्हणजे सुगीच, आणि उत्तरेत 'सुग्गा' म्हणजे पोपट. 'लकेर' हिंदीवाले 'लकीर' ऐकतील. 'हौस' ऐकून सगळेच घर समजतील, पण 'हौसा' तग धरेल.

खरी डोकेदुखी 'ळ'ची. रोमन लिपीत त्याला अक्षर नाही, एल लिहावा लागतो, आणि मग वाचणारा 'ल'च म्हणतो. 'खळी'ची 'खली' झाली की हिंदीत ती पेंड होते, आणि मुलांच्या डोळ्यांपुढे तर धिप्पाड पहिलवान उभा राहतो. 'ओंजळ'चं 'ओंजल' होतं, ते निदान निरुपद्रवी. झुळूकमध्ये तर तिन्ही गोष्टी आल्या: झ साठी झेड की जे-एच, दीर्घ ऊ साठी एक यू की दोन ओ, आणि ळ. माझं मत असं की ळ असलेलं नाव मुद्दाम ठेवावं, तेवढाच तो टिकेल, पण त्याचं रोमन स्पेलिंग बारशाच्या आधी ठरवून घरातल्या सगळ्यांना कळवावं. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं आणि शाळेत तिसरं अशी वेळ येऊ देऊ नका. आकडेशास्त्रासाठी एखादं जास्तीचं अक्षर घालणार असाल तर तेही आत्ताच.

परदेशात बाळंतपण असेल तर तिथले नियम आधी विचारा. जर्मनीत मुलाच्या हिताला बाधक वाटणारं नाव नोंदणी कार्यालय नाकारू शकतं. आपला शब्द नाव म्हणून तिथे कुणी ऐकलेला नसणार, तेव्हा त्याचा अर्थ दोन ओळींत लिहून सोबत न्यावा.

पूर्ण नाव म्हणून बघा

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रातल्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं लिहायची आहेत. म्हणजे तुमच्या शब्दाच्या अगदी शेजारी आता आईचं नाव बसणार. कागदावर लिहून मोठ्यानं वाचा. 'लकेर वैशाली संदीप जाधव' ठीक चालतं. पण आईचं नाव वर्षा असेल आणि मुलीचं 'सरी', तर हवामान खात्याचा अंदाज वाचल्यासारखं होतं. 'चांदणी पौर्णिमा' हेही तसंच. काहींना हे आवडेलही. मला विचाराल तर शेजारच्या दोन नावांपैकी एकानंच निसर्ग सांभाळावा. तीच गोष्ट आडनावांची. साखरे, गोडबोले, पाटणकर ह्यांच्यापुढे शब्द ठेवताना जोडी म्हणून काय ऐकू येतं ते पाहा. 'मैना गोडबोले' हा योग तर सोडूच नये असा.

घरच्यांना कसं सांगायचं

विरोध दोन प्रकारचा असतो. पहिला, 'हे काय नाव आहे का?' ह्याला युक्तिवाद करून उपयोग नाही. शब्द ज्या आजीच्या तोंडून टिपला तिचं श्रेय जाहीरपणे तिला द्या. 'पुनव हा तुमचाच शब्द, आजी' म्हटल्यावर अर्धी लढाई तिथेच संपते.

दुसरा विरोध पत्रिकेचा. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावरस अक्षर निघतं. कधी नशीब साथ देतं. उत्तराभाद्रपदा नक्षत्राला दू, थ, झ, ञ अशी अक्षरं आहेत, तिसऱ्या चरणावर मुलगी झाली तर झुळूक, झालर, झंकार सगळ्या वाटा मोकळ्या. शतताराकेच्या शेवटच्या चरणाला सू, म्हणजे सुगीचं काम झालं. पण हस्ताला ष, ण आणि ठ येतात, आणि 'ण'नं सुरू होणारा शब्द मराठीत शोधून काढणाऱ्याचा सत्कारच करायला हवा. परंपरेनं ह्यावर उपाय कधीच देऊन ठेवलाय. नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं सांगितली आहेत. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहू दे, व्यवहाराचं आपल्या पसंतीचं. गुरुजींना हे सांगावं लागत नाही, सासरेबुवांना सांगावं लागतं. त्यातूनही कुणी शास्त्र काढलंच तर पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं असावं असं म्हटलंय हे सांगा आणि बोटांवर भिं-ग-री मोजून दाखवा. तिथेच पुढे ते आकारान्त असावं असंही म्हटलंय, ते आपण होऊन सांगायची गरज नाही.

एक तडजोड मात्र करू नका. शब्द 'नावासारखा' वाटावा म्हणून त्याला शेपूट लावणं. लकेरची 'लकेरिका', पुनवची 'पुनविशा', सुगीची 'सुगीया' झाली की शब्दही गेला आणि नावही धड मिळालं नाही.

बारसं आणि कागद

ठरलेलं नाव बारशाच्या आधी आठ-दहा दिवस घरातल्या घरात वापरून बघा. रात्री तीनला रडणाऱ्या बाळाला त्या नावानं हाक मारताना तोंड अडखळत नसेल तर नाव पक्कं. बाराव्या दिवशी बारसं करायचा हट्ट नसेल तर ह्यासाठी वेळ मिळतो. बारशाला नेहमीप्रमाणे गोविंद घ्या, गोपाळ घ्या, घुगऱ्या, आणि आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगणं. आत्याला शब्द आदल्या दिवशी नीट म्हणायला लावा. पाठीवर गुद्दे बसत असताना 'लकेर'चं 'लकीर' झालं तर जमलेली सगळी मंडळी तेच घरी घेऊन जातील.

मग ज्या गावात जन्म झाला तिथल्या महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज. तुम्ही राहता तिथल्या नव्हे. माहेरी बाळंतपण झालेल्यांची इथे फेरी वाया जाते. सोबत बिननावाच्या दाखल्याची प्रत आणि आईवडिलांची ओळखपत्रं ठेवा. अर्जावर देवनागरी नाव सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्याखाली ठरवलेलं रोमन स्पेलिंग. लिहून घेणाऱ्याच्या ओळखीचं नाव नसेल तर तो ओळखीचं लिहितो, हे गृहीत धरा. झुळूकमधला पहिला उकार आणि दुसरा ऊकार बोट ठेवून दाखवा. दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी दोन्ही लिप्यांतलं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव वाचून घ्या. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या. लॅमिनेशन त्यानंतर.